आफ्रिकेच्या बातम्यांत आफ्रिकेतल्या बायका कुठे असतात?

१. एक साधा प्रश्न

आफ्रिकेची बातमी म्हटली की एक ठरावीक बाई समोर येते. कडेवर मूल, डोक्यावर पाण्याचे भांडे, मागे निर्वासितांचे तंबू. तिला बहुधा नाव नसते. ती बोलली तर आपल्यावर काय ओढवले तेवढेच सांगते; ते का ओढवले आणि त्यावर काय करायला हवे, हे सांगायला दुसरेच कुणी येते. अशा बातम्या वाचून वाचून एखादा वाचक विचारतो, त्या खंडात वकील, मंत्री, डॉक्टर, व्यापारी बायका नाहीतच का?

आहेत, आणि चिक्कार आहेत. रवांडाच्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहात २००८पासून बायकांची संख्या निम्म्याहून जास्त आहे. जगात हे पहिल्यांदा तिथेच घडले. लायबेरियात २००५ची निवडणूक जिंकून एलेन जॉन्सन सर्लीफ या आफ्रिकेतल्या पहिल्या निर्वाचित स्त्री राष्ट्राध्यक्ष झाल्या. सहाराच्या दक्षिणेला शेतीत राबणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्या स्त्रिया आहेत. घाना, टोगो, नायजेरियातले मोठमोठे बाजार तर पिढ्यानपिढ्या बायकाच चालवत आल्या आहेत.

म्हणजे प्रश्न त्या बायका असण्या-नसण्याचा नाही. त्या वर्तमानपत्राच्या पानापर्यंत आणि रेडिओच्या बुलेटिनपर्यंत पोहोचताना मध्ये कुठे गळतात, हा प्रश्न आहे. आफ्रिका म्हणजे चोपन्न देश, शेकडो भाषा आणि प्रत्येक देशाची वेगळी वृत्तपत्रसृष्टी. त्यामुळे सरसकट बोलण्यापेक्षा देशाचे नाव घेऊन, घडलेल्या गोष्टी पाहणे बरे.

२. मोजतात कसे?

'बातमीत बायका कमी दिसतात' ही तक्रार जुनी आहे. तिला आकड्यांचा आधार मिळाला १९९५ साली. त्या वर्षी 'ग्लोबल मीडिया मॉनिटरिंग प्रोजेक्ट' नावाची पाहणी सुरू झाली आणि तेव्हापासून ती दर पाच वर्षांनी होते. पहिल्या खेपेला ७१ देश होते, २०२०मध्ये ११६. पद्धत सोपी आहे. एक दिवस ठरवतात. त्या दिवशी निरनिराळ्या देशांतले स्वयंसेवक आपापल्या भागातली वर्तमानपत्रे, रेडिओ आणि टीव्हीच्या बातम्या तपासतात. बातमीत ज्या ज्या माणसाचा उल्लेख आहे किंवा जो बोलला आहे, त्याची नोंद करतात: स्त्री की पुरुष, व्यवसाय काय, बातमीत भूमिका कोणती.

यातला भूमिकेचा रकाना नीट समजून घेण्यासारखा आहे. बातमीतला माणूस कधी प्रवक्ता असतो, कधी तज्ज्ञ, कधी प्रत्यक्षदर्शी, कधी 'सामान्य माणसाचे मत' सांगणारा, तर कधी स्वतःवर गुदरलेला प्रसंग सांगणारा. पहिल्या दोन भूमिकांना वजन असते, कारण त्या घटनेचा अर्थ लावतात. शेवटच्या दोन भूमिका भावना पुरवतात.

१९९५मध्ये जगभरच्या बातम्यांत स्त्रियांचा वाटा १७ टक्के होता. पंचवीस वर्षांनी, २०२०मध्ये, तो २५ टक्क्यांवर आला. आफ्रिकेत २०१०मध्ये तो १९ टक्के होता, २०१५मध्ये २२ झाला आणि २०२०मध्ये २२वरच थांबला. बातमीतल्या पाच माणसांमागे बाई जेमतेम एक, असा याचा अर्थ.

या आकड्यांनी आफ्रिकेला वेगळे काढून बोट दाखवण्याचे कारण नाही, कारण आशियाची स्थिती याच्या आसपासच, किंबहुना किंचित मागे आहे. २०२०मध्ये केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका, ब्रिटन, अमेरिका आणि भारत या सहा देशांच्या बातम्यांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला. कोविडच्या बातम्यांत एका स्त्रीच्या आवाजासमोर किमान तीन, चार किंवा पाच पुरुषांचे आवाज होते, असे त्यात सगळ्या देशांत दिसले. त्याच काळात दवाखान्यांत पाळी करणाऱ्या परिचारिकांमध्ये मात्र बहुसंख्य बायका होत्या.

३. पाच चाळण्या

एवढी तफावत कशी पडते? संपादक मंडळी बसून 'बायका नकोत' असे ठरवत नाहीत. बातमी तयार होताना तिच्यातली माणसे एकामागून एक चाळण्यांतून जातात, आणि प्रत्येक चाळणीत बायका थोड्या जास्त अडकतात.

पहिली चाळण विषयाची: कशाची बातमी करायची? दुसरी बातमीदाराची: कुणाला पाठवायचे? तिसरी फोनची: प्रतिक्रिया कुणाची घ्यायची? चौथी संपादनाची: कोणते वाक्य ठेवायचे, कोणते कापायचे? पाचवी मांडणीची: मथळ्यात आणि फोटोत कोण येणार?

आता एक छोटा हिशेब करू. समजा, एखाद्या गावातल्या घटनांशी शंभर बायका आणि शंभर पुरुष सारखेच संबंधित आहेत. सोपेपणासाठी धरू, की पुरुष प्रत्येक चाळणीतून सगळेच्या सगळे पार होतात आणि बायकांपैकी पाचातली एक अडकते. पहिल्या चाळणीनंतर बायका राहिल्या ८०, दुसरीनंतर ६४, तिसरीनंतर ५१, चौथीनंतर ४१, पाचवीनंतर ३३. शेवटी छापून आली १३३ माणसे, त्यांत बायका ३३. म्हणजे पंचवीस टक्के.

हे आकडे समजावण्यापुरते घेतलेले आहेत. पण त्यातून एक गोष्ट कळते. कुठल्याही एका टप्प्यावर बसलेल्या माणसाला आपण फार मोठा अन्याय करतो आहोत असे वाटत नाही, कारण पाचातल्या चार बायका त्याने पुढे जाऊ दिलेल्या असतात. म्हणूनच 'आमच्या वृत्तपत्रात भेदभाव नाही' असे म्हणणारा संपादक पुष्कळदा प्रामाणिकपणेच बोलत असतो, आणि त्याचे पान मात्र पुरुषांनी भरलेले असते.

४. बाजार बाईचा, बातमी अधिकाऱ्याची

तिसऱ्या चाळणीपासून, म्हणजे फोनपासून सुरुवात करू. संध्याकाळी पान सोडायची घाई असते. बातमीदार ज्याचा नंबर हाताशी आहे, जो लगेच फोन उचलतो आणि जो बोलल्याने बातमी 'अधिकृत' होते, त्याला गाठतो. मंत्रालयाचा प्रवक्ता, पोलीस अधिकारी, संघटनेचा अध्यक्ष. या खुर्च्यांवर बहुतेक ठिकाणी पुरुष बसलेले असतात. पण खुर्च्यांचा दोष म्हणून हे सोडून देता येत नाही, कारण जिथे जाणकार बाईच असते तिथेही फोन पुरुषालाच जातो.

दक्षिण आफ्रिकेतली 'जेंडर लिंक्स' ही संस्था बरीच वर्षे नेमका हाच हिशेब मांडत आली आहे. २००३मध्ये तिने 'मीडिया इन्स्टिट्यूट ऑफ सदर्न आफ्रिका'बरोबर आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या देशांत पाहणी केली, तेव्हा बातम्यांतल्या एकूण स्रोतांपैकी १७ टक्के स्त्रिया निघाल्या.

ज्यांच्याविषयी बातमी आहे त्यांनाच विचारले नाही तर काय होऊ शकते, याचे घानातले उदाहरण विसरण्याजोगे नाही. अक्रा शहरातला मकोला बाजार हा पश्चिम आफ्रिकेतल्या नावाजलेल्या बाजारांपैकी एक. कापड, धान्य, सुकी मासळी, भांडी असा सगळा व्यापार बायकांचा. १९७०च्या दशकात घानाची अर्थव्यवस्था कोसळली. सरकारने ठरवलेल्या दरांत माल मिळेना, चलनाची किंमत घसरली आणि महागाई भडकली. कारणे धोरणात होती. परंतु सर्वसामान्य माणसाला महागाई भेटते ती बाजारात, विक्रेतीच्या तोंडून सांगितलेल्या भावात. साठेबाज, नफेखोर म्हणून बाजारातल्या बायकांवर राग धुमसत होता, आणि सार्वजनिक बोलण्यातही दोष त्यांच्याच माथी येत होता. जून १९७९मध्ये जेरी रॉलिंग्ज यांच्या लष्करी राजवटीने सत्ता हाती घेतली. ऑगस्टमध्ये सैनिकांनी मकोला क्रमांक एकचा बाजार जमीनदोस्त केला. त्या जागेवर पुढे गाड्या उभ्या करायचा तळ झाला. लोक त्याला 'रॉलिंग्ज पार्क' म्हणू लागले.

बाजार पाडल्याने महागाई थांबली नाही. माल कोण आणतो, उधारी कशी चालते, रस्त्यावरच्या नाक्यांवर किती पैसे द्यावे लागतात, सरकारी दरात विकले तर हातात काय उरते, हे सगळे ठाऊक असलेली माणसे म्हणजे त्या विक्रेत्या. त्यांचा खुलासा दोषारोपाइतक्याच ठळकपणे लोकांपुढे आला असता, तर बाजार वाचला असता असे खात्रीने म्हणता येत नाही. मात्र त्यांना दोषी ठरवणे एवढे सोपे गेले नसते. ज्यांची बाजू कुठेच छापून आलेली नाही, त्यांच्यावर बुलडोझर चालवायला फार धैर्य लागत नाही.

५. फोटोतून वगळलेली आणि फोटोत चिकटवलेली

पाचवी चाळण मांडणीची. तिथे काय होते, ते २४ जानेवारी २०२० रोजी जगाने पाहिले. स्वित्झर्लंडच्या दावोसमध्ये हवामानबदलाच्या प्रश्नावर काम करणाऱ्या पाच तरुणी पत्रकारांना भेटल्या आणि एकत्र उभ्या राहिल्या. त्यांत स्वीडनची ग्रेटा थुनबर्ग होती आणि युगांडाची व्हेनेसा नकाटे होती. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने जो फोटो पाठवला, त्यात चौघीच होत्या. फोटोच्या कडेला उभी असलेली नकाटे कापली गेली होती, आणि पाचांत कृष्णवर्णीय तीच एक होती. मागे दिसणारी इमारत नको म्हणून फोटो कापला, असे स्पष्टीकरण आधी आले. पुढे वृत्तसंस्थेच्या कार्यकारी संपादक सॅली बझबी यांनी माफी मागितली.

एक फोटो कापला, यात एवढे काय, असे वाटू शकते. पण हवामानबदलाचे चटके आफ्रिकेला फार तीव्रतेने बसतात, आणि तिथून आलेली, त्यावर बोलायला आलेली मुलगीच चौकटीबाहेर गेली. ती पाण्याचे भांडे घेऊन भेगाळलेल्या जमिनीवर उभी असती, तर हवामानबदलाच्या बातमीत तिचा फोटो नक्की पूर्ण छापला गेला असता. संकटग्रस्त म्हणून जागा आहे, जाणकार म्हणून नाही, हा फरक इथे उघडा पडतो.

याच्या उलटा प्रकार सहा वर्षे आधी घडला होता. १४ एप्रिल २०१४च्या रात्री नायजेरियाच्या ईशान्येकडील चिबोक गावातल्या सरकारी शाळेच्या वसतिगृहातून बोको हराम या संघटनेने २७६ मुली पळवून नेल्या. त्यांपैकी ५७ जणी सुरुवातीलाच निसटल्या. नायजेरियाच्या माजी मंत्री ओबी एझेक्वेसिली यांनी पोर्ट हारकोर्ट इथल्या एका कार्यक्रमात 'आमच्या मुली परत आणा' अशी मागणी केली. ती ट्विटरवर गेली आणि काही दिवसांत जगभर पसरली.

जगभर पसरताना तिला चेहऱ्यांची गरज पडली. पळवलेल्या मुलींचे फोटो सहज मिळणारे नव्हते. मग काही मुलींचे अतिशय देखणे, डोळ्यांत भरणारे फोटो या मोहिमेबरोबर फिरू लागले. त्या मुली नायजेरियाच्या नव्हत्याच. अमेरिकन छायाचित्रकार अमी व्हिताले यांनी कितीतरी देश ओलांडून पलीकडे असलेल्या गिनी-बिसाऊमध्ये, कित्येक वर्षे आधी ते फोटो काढले होते. त्या मुलींचा अपहरणाशी काडीचाही संबंध नव्हता, आणि त्यांचे चेहरे लैंगिक गुलामगिरीच्या बळी म्हणून जगभर फिरत होते. व्हिताले यांनी याला जाहीर हरकत घेतली.

फोटो वापरणाऱ्यांचा हेतू चांगला होता. पण कुठल्याही आफ्रिकी मुलीचा चेहरा कुठल्याही आफ्रिकी मुलीच्या जागी चालतो, असे गृहीत धरल्याशिवाय ही चूक होत नाही. नाव, गाव आणि वय बातमीतल्या माणसाला माणूस करतात. चिबोकच्या मुलींना नावे होती, आईवडील होते, आणि ते आईवडील सांगायला तयार होते. त्यांच्यापर्यंत पोहोचण्याआधीच एक अनोळखी चेहरा त्यांच्या जागी बसला.

६. वंगारी मथाई आणि तिचे वर्तन

बळी नसलेली, अधिकाराने बोलणारी बाई बातमीत आली की तिच्यासमोर वेगळी अडचण येते. ती काय म्हणते यापेक्षा ती कशी बाई आहे, याची चर्चा सुरू होते.

केनियाच्या वंगारी मथाई यांनी १९७७मध्ये ग्रीन बेल्ट मूव्हमेंट उभी केली. खेड्यातल्या बायकांनी रोपवाटिका करायच्या, झाडे लावायची, जगलेल्या रोपांमागे थोडा मोबदला घ्यायचा, असे ते काम होते. त्या पशुवैद्यकीय शरीररचनाशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. १९७९मध्ये त्यांच्या घटस्फोटाचा खटला गाजला आणि वृत्तपत्रांनी तो चवीने छापला. निकालावर त्यांनी एका मासिकाच्या मुलाखतीत टीका केली म्हणून न्यायालयाच्या अवमानाबद्दल त्यांना तुरुंगात टाकण्यात आले; तीन दिवसांनी सुटका झाली.

१९८९मध्ये नैरोबीच्या उहुरू पार्क या सार्वजनिक उद्यानात साठ मजली इमारत उभी करायचा घाट घालण्यात आला. ती बांधणार होता सत्ताधारी पक्षाच्या 'केनिया टाइम्स' या वर्तमानपत्राशी जोडलेला न्यास. म्हणजे ज्या प्रकल्पाविरुद्ध मथाई बोलत होत्या, तो एका वृत्तपत्राचाच होता. त्यांनी सरकारी कार्यालयांना, परदेशी दूतावासांना, पैसे गुंतवणाऱ्यांना पत्रांमागून पत्रे लिहिली. शहराच्या मधोमध असलेली मोकळी हिरवी जागा का घालवायची, हा त्यांचा मुद्दा होता. संसदेत त्यावर उत्तर आले ते त्यांच्या घटस्फोटावरून. त्यांच्या चळवळीतल्या बायकांना नवऱ्याने टाकलेल्या म्हणून हिणवण्यात आले. आफ्रिकी परंपरेतल्या बाईने पुरुषांचा मान ठेवून गप्प राहावे, असे राष्ट्राध्यक्ष डॅनियल अराप मोई यांनी सुनावले. उद्यानाचे काय, हे बाजूला राहिले.

परदेशी गुंतवणूकदारांनी हात काढून घेतला आणि प्रकल्प बारगळला. उद्यान आजही आहे. २००४मध्ये मथाई यांना शांततेचे नोबेल मिळाले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या आफ्रिकी स्त्री होत्या.

पुरुष नेत्याचा घटस्फोट त्याच्या धोरणावरच्या बातमीत सहसा येत नाही. बाईचा येतो. जागतिक पाहणीतला एक रकाना यासाठीच आहे: बातमीतल्या व्यक्तीची ओळख 'अमक्याची पत्नी', 'तमक्याची आई' अशी करून दिली आहे का, हे त्यात नोंदवतात. अशा ओळखी बायकांच्या वाट्याला कितीतरी जास्त येतात.

७. बातमी लिहिणारी बाई

इथवर बातमीत येणाऱ्या बायकांविषयी झाले. बातमी लिहिणाऱ्या बायका आफ्रिकेत नव्या नाहीत. १८९२मध्ये इजिप्तच्या अलेक्झांड्रिया शहरात हिंद नौफल यांनी 'अल-फतात' हे मासिक काढले. अरबी भाषेत बाईने बायकांसाठी काढलेले ते पहिले नियतकालिक. १९३०च्या दशकात आजच्या घानात, तेव्हाच्या गोल्ड कोस्टमध्ये, मेबल डव्ह या तरुणीने 'टाइम्स ऑफ वेस्ट आफ्रिका'मध्ये मार्जोरी मेन्सा या टोपणनावाने सदर लिहिले. सदराचे नाव 'बायकांचा कोपरा' अशा धाटणीचे होते, पण त्या कोपऱ्यातून डव्ह यांनी वसाहतीतल्या समाजावर स्पष्ट मते मांडली. १९५१मध्ये त्या 'अक्रा इव्हनिंग न्यूज'च्या संपादक झाल्या. काही महिन्यांतच स्वातंत्र्य चळवळीचे नेते क्वामे एन्क्रुमा यांच्याशी मतभेद होऊन ते पद गेले. तरी १९५४मध्ये त्या कायदेमंडळावर निवडून आल्या.

आजच्या बातमीदार बाईच्या वाटेतले अडथळे पुष्कळ देशांत सारखे आहेत. तिला आरोग्य, शिक्षण, पुरवणी, फॅशन ही बीट, म्हणजे नेमून दिलेली क्षेत्रे, मिळतात; राजकारण, अर्थ आणि गुन्हे पुरुषांकडे जातात. बढती राजकारणाच्या बीटवरून होते. रात्रपाळी संपल्यावर घरी सोडायला गाडी नसते, आणि मग गाडी द्यायच्या ऐवजी रात्रपाळीच काढून घेतली जाते. गावोगावच्या स्ट्रिंगरना बातमीमागे पैसे मिळतात, पगार नाही. अशा कामात बाळंतपणाची रजा हा विषयच येत नाही.

काही ठिकाणी चित्र बरेच पालटले आहे. ऑक्सफर्डच्या रॉयटर्स इन्स्टिट्यूटने २०२१मध्ये बारा देशांतल्या प्रमुख वृत्तसंस्थांचे सर्वोच्च संपादक मोजले, तेव्हा दक्षिण आफ्रिकेत त्यांपैकी ६० टक्के बायका निघाल्या. इतका वाटा त्या पाहणीत दुसऱ्या कुठल्याच देशाचा नव्हता. पण संपादकाच्या खुर्चीवर बाई बसली की पानातल्या बायका आपोआप वाढतात, असा अनुभव नाही. बातमीदाराच्या फोनमधले नंबर तेच राहतात.

सगळ्यात जड अडथळा धमक्यांचा. लायबेरियाच्या मे अझांगो यांनी ८ मार्च २०१२ रोजी 'फ्रंटपेज आफ्रिका' या वर्तमानपत्रात मुलींच्या जननेंद्रियच्छेदनावर वृत्तांत लिहिला. तिथे 'सांडे' नावाची बायकांची गुप्त संस्था आहे. मुलींना वयात येताना तिच्या रानशाळेत नेतात आणि तिथे हा विधी होतो. त्याबद्दल बाहेर बोलायचे नाही, असा कडक दंडक. अझांगो यांनी एका बाईला तिच्या शब्दांत ते सांगू दिले. धमक्या लगेच सुरू झाल्या: सापडलीस तर तुलाही कापू. त्या आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन लपून राहिल्या. प्रकरण देशाबाहेर गाजले, आणि काही आठवड्यांत सरकारने या रानशाळा थांबवण्याची भाषा सुरू केली. पद सोडता सोडता, जानेवारी २०१८मध्ये, सर्लीफ यांनी वर्षभरासाठी बंदीचा आदेश काढला. ज्या देशाची राष्ट्राध्यक्ष बाई होती, तिथेही हा विषय उघड व्हायला एका बातमीदाराला घर सोडून लपावे लागले.

आता धमकी द्यायला दारात यावे लागत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या ज्येष्ठ पत्रकार करिमा ब्राउन यांनी मार्च २०१९मध्ये सहकाऱ्यांसाठी लिहिलेला व्हॉट्सॲप संदेश चुकून एका राजकीय पक्षाच्या ग्रुपवर गेला. 'इकॉनॉमिक फ्रीडम फायटर्स' या पक्षाचे नेते ज्युलियस मलेमा यांनी तो संदेश ब्राउन यांच्या फोन नंबरासकट ट्विटरवर टाकला. त्यानंतर बलात्काराच्या आणि खुनाच्या धमक्यांचा पूर आला. ब्राउन न्यायालयात गेल्या. जूनमध्ये उच्च न्यायालयाने पक्षाने निवडणूक आचारसंहितेचा भंग केल्याचा निर्णय दिला. त्याआधी 'मेल अँड गार्डियन'च्या माजी संपादक फेरियल हफाजी यांचे अश्लील रीतीने बदललेले फोटो ट्विटरवर फिरवले गेले होते.

युनेस्को आणि एका पत्रकार संस्थेने २०२०मध्ये सव्वाशे देशांतल्या पत्रकारांकडून माहिती घेतली. प्रतिसाद देणाऱ्या स्त्री पत्रकारांपैकी ७३ टक्के जणींनी ऑनलाइन हिंसा अनुभवली होती. बाईला मिळणारी धमकी बहुतेक वेळा तिच्या बातमीला उत्तर देत नाही. ती तिच्या शरीराकडे आणि मुलांकडे वळते. त्यामुळे अशी बाई एखादा विषय सोडते तेव्हा तिला भित्री म्हणणे अन्यायाचे आहे. ती विषय सोडते, आणि पहिली चाळण आणखी बारीक होते.

८. स्वतःचा रेडिओ

मोठ्या माध्यमांची दारे उघडायची वाट पाहत न बसता बायकांनी आपली माध्यमे उभी केली. सेनेगलमध्ये १९६४ साली ॲनेट म्बाये देर्नविल यांनी 'आवा' मासिक सुरू केले. टांझानियाच्या स्त्री पत्रकारांनी १९८७मध्ये संघटना बांधली. युगांडातल्या तशाच संघटनेने २००१मध्ये कंपालात 'मामा एफएम' हे रेडिओ केंद्र काढले. रेडिओला इथे महत्त्व आहे, कारण तो बाई कामात असताना ऐकता येतो, आणि त्याला अक्षरओळख लागत नाही.

झिंबाब्वेतला एक प्रयोग जवळून पाहण्यासारखा आहे. तिथल्या स्त्री पत्रकारांच्या संघटनेने १९८८मध्ये ग्रामीण भागात बायकांची श्रोतामंडळे सुरू केली. मंडळाला रेडिओ आणि टेपरेकॉर्डर मिळे. बायका ठरल्या वेळी जमत, कार्यक्रम ऐकत, त्यावर बोलत आणि ते बोलणे कॅसेटवर भरत. विहिरीचे काम का रखडले, बियाण्याचे कर्ज बाईच्या नावावर का मिळत नाही, दवाखान्यात औषध का नाही. कॅसेट हरारेला जाई. तिथे कार्यक्रमाची संयोजक संबंधित अधिकाऱ्यासमोर ती वाजवी आणि त्याचे उत्तर ध्वनिमुद्रित करी. मग प्रश्न आणि उत्तर दोन्ही रेडिओवरून लागत. अधिकाऱ्याने दिलेले आश्वासन सगळ्या मंडळांनी एकदम ऐकलेले असे.

इथे बातमीचा क्रमच बदलला होता. एरवी अधिकारी बोलतो आणि गावाची 'प्रतिक्रिया' घेतात. इथे गाव आधी बोलत होते आणि प्रतिक्रिया अधिकाऱ्याची होती.

या प्रकारच्या मंडळांच्या इतिहासात महाराष्ट्राचे एक पान आहे. ग्रामीण श्रोत्यांनी गटाने ऐकायचे, चर्चा करायची आणि आपले प्रश्न केंद्राला कळवायचे, ही कल्पना मूळ कॅनडातली. युनेस्कोच्या मदतीने १९५६मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने ती आसपासच्या पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत राबवून पाहिली. त्या प्रयोगाचा अहवाल पुढे जगभर वाचला गेला, आणि १९६०च्या दशकात घानातही तसाच प्रयोग झाला. झिंबाब्वेतल्या बायकांनी त्याच धर्तीवर माइक आपल्या हातात घेतला.

काँगोच्या पूर्वेकडच्या बुकावू शहरात २००३पासून शूशू नामेगाबे आणि त्यांच्या सहकारी स्त्री पत्रकारांनी युद्धातल्या बलात्कारांच्या साक्षी गोळा केल्या. ज्या बायकांवर अत्याचार झाले त्या स्वतःच्या आवाजात, ओळख लपवून रेडिओवर बोलू लागल्या. २००९मध्ये नामेगाबे यांनी अमेरिकेच्या सिनेट समितीपुढे साक्ष दिली. वरवर पाहता या बातम्याही बळींच्याच. पण इथे काय सांगायचे, किती सांगायचे, नाव द्यायचे की नाही, हे सांगणारी ठरवत होती.

सोमालियात एप्रिल २०२२मध्ये मोगादिशूत 'बिलान' हा फक्त बायकांचा वृत्तकक्ष सुरू झाला. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने त्याला पाठबळ दिले. त्या देशात पत्रकारांचे खून होतात, आणि बाईला वरून घरच्यांचा विरोध, रस्त्यावरची शेरेबाजी. अशा ठिकाणी बिलानच्या बातमीदार आपले विषय आपण निवडतात. एखाद्या घरातल्या बाईशी बोलायला पुरुष बातमीदाराला मज्जाव असतो, तिथे त्या आत जाऊन बसू शकतात. त्या बाबतीत त्यांची बातमी पुरुष सहकाऱ्यांपेक्षा पूर्ण असते.

९. मोजल्याने काय होते?

आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या देशांच्या 'साडेक' या संघटनेने ऑगस्ट २००८मध्ये स्त्री-पुरुष समानतेचा करार केला. त्यात माध्यमांवर वेगळी कलमे आहेत: बातमीत स्त्रियांना सारखा वाव द्यावा, वृत्तसंस्थांत निर्णयाच्या जागी त्या असाव्यात, हिंसाचाराच्या बातम्या संवेदनशीलतेने द्याव्यात. करार सरकारांनी केला आणि बातम्या खासगी संस्था लिहितात, त्यामुळे कलमे कागदावरच राहायचा धोका होता. जेंडर लिंक्सने मग एकेका वृत्तसंस्थेशी बसून तिचे स्वतःचे धोरण लिहून घेण्याचा मार्ग धरला. तरी गती संथ आहे. २००३मधले १७ टक्के २०१५मध्ये २० झाले.

फोनच्या चाळणीवर दोन साधे उपाय निघाले आहेत. एक, याद्या. दक्षिण आफ्रिकेत २०१९पासून 'कोट धिस वुमन प्लस' ही संस्था विषयवार जाणकार स्त्रियांची यादी ठेवते. पाणीपुरवठा, घटनात्मक कायदा, साथरोग, अर्थसंकल्प, कशावरही बोलणारी बाई हवी असेल तर बातमीदाराला नंबर मिळतो. 'बाई सापडली नाही' ही सबब तिथे टिकत नाही. दुसरा उपाय रोजच्या नोंदीचा. बीबीसीच्या एका कार्यक्रमात २०१७मध्ये सुरू झालेली ही पद्धत पुढे इतर देशांतल्या माध्यमांनीही घेतली. बुलेटिन संपले की दोन मिनिटांत आज किती बायका बोलल्या ते लिहून ठेवायचे. यात राष्ट्राध्यक्षांसारखी, ज्यांना पर्याय नसतो अशी माणसे मोजत नाहीत. निवड करणे जिथे हातात होते, तेवढेच मोजतात. हिशेबाच्या उदाहरणात पाचातली एक बाई अडकत होती. रोज नोंद ठेवणाऱ्या माणसाला ती अडकताना दिसते.

धमक्यांवर याद्यांचा उपयोग नाही. त्यासाठी 'आफ्रिकन विमेन इन मीडिया' या संस्थेच्या पुढाकाराने २०२३मध्ये रवांडाच्या राजधानीत किगाली जाहीरनामा तयार झाला. माध्यमांतल्या आणि माध्यमांतून होणाऱ्या स्त्रियांवरील हिंसेविरुद्ध वृत्तसंस्था, सरकारे, पत्रकारितेचे शिक्षण देणाऱ्या संस्था आणि समाजमाध्यम कंपन्या या प्रत्येकाने काय करायचे, हे त्यात वेगवेगळे लिहिले आहे. वृत्तसंस्थेच्या वाट्याला आलेल्या गोष्टी साध्याच आहेत: तक्रार कुणाकडे करायची ते ठरलेले असणे, तक्रार करणारीची नोकरी सुरक्षित राहणे, आणि धमकी आली तर ती तिची खासगी बाब न मानता संस्थेने आपली मानणे.